परमुलखातील भिंत

सार्वजनिक बागेच्या भिंतीवर चित्रे काढवून घ्यावीत, अशी सूचना एखाद्या सरकारी वसाहतीच्या बैठकीत मांडली गेली की तिच्यावर ठरावीक दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप खर्चाचा. नळाची गळती थांबलेली नाही, दिव्याचे खांब पुरेसे नाहीत, मुलांच्या घसरगुंडीचा पत्रा फाटला आहे; अशा स्थितीत चित्रांचे चोचले कशाला? दुसरा आक्षेप सहसा मोठ्याने बोलला जात नाही, परंतु तोच अधिक खोल असतो. आपण बदलीची माणसे. दोन-तीन वर्षे येथे, पुढे कोठे ते सांगता येत नाही. ज्या गावात आपले घर नाही, शेत नाही, कुलदैवत नाही, त्या गावची भिंत रंगवण्याचा आपल्याला काय अधिकार, आणि काय गरज?

लखनौच्या छावणीत हा दुसरा आक्षेप विशेष जोर धरतो. छावणी म्हणजे मूळचीच येणाऱ्या-जाणाऱ्यांची वस्ती. १८५७ पूर्वी इंग्रजांची येथील छावणी गोमतीच्या उत्तरेस मडियांव येथे होती. त्या वर्षीच्या रणकंदनानंतर ती शहराच्या आग्नेयेस, दिलकुशाच्या परिसरात वसवण्यात आली. ज्या दिलकुशा कोठीचे भग्नावशेष आज तेथील बागेत उभे आहेत, ती कोठीदेखील एका परक्याच्याच कल्पनेतून निघालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नवाब सआदत अली खानाच्या कारकिर्दीत, गोर औसली नावाच्या इंग्रजाने इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंड परगण्यातल्या सीटन डेलाव्हल ह्या वाड्याच्या धर्तीवर ती उभारली. तरीही आज दिलकुशाला विलायती इमारत म्हणून कोणी वेगळी काढीत नाही. लखनौच्या इतिहासात ती पुरती मिसळून गेली आहे.

तेव्हा परमुलखात येऊन भिंत घडवणाऱ्यांचा, आणि त्यांना ते काम सोपवणाऱ्यांचा इतिहास काय सांगतो, हे एकदा पाहण्यासारखे आहे. हा इतिहास योगायोगाने महाराष्ट्रातील एका डोंगरकपारीत सुरू होतो आणि लखनौच्या रेल्वेस्थानकासमोर येऊन पोचतो.

अजिंठ्याच्या १६व्या लेण्याच्या ओसरीबाहेर एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाकाटक राजा हरिषेण ह्याचा सचिव वराहदेव ह्याने हे लेणे करविले, असे त्यावरून कळते. हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा; वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वराहदेव राजा नव्हता, भिक्षू नव्हता. राज्याचा कारभार पाहणारा तो एक मंत्री होता, आणि त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामात होते. घराणे ब्राह्मणांचे, परंतु त्याने लेणे दिले ते बौद्ध भिक्षुसंघाला, आपल्या मातापित्यांच्या पुण्यासाठी. आजच्या भाषेत बोलावयाचे तर एका वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याने, ज्या समाजाचा तो स्वतः घटक नव्हता त्या समाजाच्या उपयोगासाठी हे काम सोपवले.

त्या शिलालेखात त्याने आपल्या लेण्यात काय काय केले ह्याचा पाढा आहे. खिडक्या, दारे, खांब, पायऱ्या, आत बुद्धाचे मंदिर, आणि त्यांच्याच ओळीत चित्रांनी नटलेल्या वीथी. जवळच गोड व थंड पाण्याचे मोठे टाके केल्याचाही उल्लेख आहे. चित्रे ही शेवटी, पैसे उरल्यास करावयाची बाब आहे, असे ह्या यादीवरून मुळीच दिसत नाही. पाणी आणि चित्र एकाच दानात, एकाच लेखात आले आहे. खर्चाचा आक्षेप घेणाऱ्यांनी ह्या यादीकडे एकवार लक्ष द्यावे. वराहदेवापुढेही निधीचा प्रश्न असणारच. परंतु राहण्याची जागा माणसाच्या राहण्यालायक होण्यास काय लागते, ह्याविषयी त्याची कल्पना आपल्यापेक्षा अधिक भरीव होती.

चित्र टिकावे म्हणून लागणारी पूर्वतयारीही त्या कारागिरांनी पुरी केली होती. खडबडीत पाषाणावर प्रथम मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि मग गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती ह्यांसारखे रंग. निळा तेवढा दूर देशाहून आणावा लागे. म्हणजे रंगापेक्षा भिंतीवर अधिक श्रम खर्ची पडले आहेत. आजच्या भाषेत ज्याला अंदाजपत्रक म्हणतात, त्यात गिलाव्याची बाब चित्राच्या आधी येत असली पाहिजे.

ही चित्रे एकोणिसाव्या शतकात पुन्हा जगापुढे आली, तेव्हा त्यांच्या नकला करण्याचे काम सरकारने हाती घेतले. मेजर रॉबर्ट गिल ह्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने काम केले. त्यांतील बऱ्याच प्रती १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. दोन्ही वेळा मूळ भिंत राहिली आणि विलायतेला नेलेली नक्कल गेली. तथापि ह्या उद्योगाने एक गोष्ट घडली. भित्तिचित्र ही जुन्या काळची मेलेली विद्या नसून ती पुन्हा शिकता येते, असा विश्वास चित्रकारांच्या मनात उत्पन्न झाला.

१९०९ ते १९११ ह्या काळात लेडी हेरिंगहॅम ह्यांनी अजिंठ्यास पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांच्या साहाय्यास कलकत्त्याहून जे तरुण चित्रकार गेले त्यांत नंदलाल बोस होते आणि असितकुमार हलदार होते. हेच दोघे १९२१ साली, ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराच्या आश्रयाने, बाघ येथील लेण्यांतील चित्रांच्या नकलांसाठी गेले. पुढे १९२५ साली हलदार लखनौच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले आणि १९४५ पर्यंत त्या पदावर राहिले. ही शाळा १९११ मध्ये स्थापन झालेली. अशा रीतीने अजिंठ्याच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभा राहिलेला एक बंगाली चित्रकार वीस वर्षे लखनौच्या मुलांना शिकवीत होता. ते वीस वर्षे राहिले, हा बदलीच्या नोकरीतील अपवादच म्हणावयाचा. परंतु लखनौ हे त्यांचेही मूळ गाव नव्हते.

त्यांच्या हाताखाली शिक्षक असलेले ललितमोहन सेन ह्याच शाळेचे विद्यार्थी. लंडनमध्ये हर्बर्ट बेकर ह्याच्या आराखड्याप्रमाणे इंडिया हाउस उभे राहिले आणि १९३० साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या भिंती व घुमट रंगवण्यासाठी निवडलेल्या चार भारतीय चित्रकारांत सेन एक होते. ह्या चौघांनी प्रथम विल्यम रोथेनस्टाइन ह्यांच्या देखरेखीखाली शिक्षण घेतले, इटलीत जाऊन तेथील जुनी भित्तिचित्रे पाहिली, आणि मगच ब्रश हाती धरला. चौघेही बंगाली परंपरेतले असल्यामुळे मुंबईच्या कलावर्तुळात त्या वेळी नाराजी उमटली होती.

मुंबईची ती नाराजी समजण्यासारखी आहे, कारण त्याच सुमारास भित्तिचित्राच्या क्षेत्रात मुंबईने आपले पाऊल पुढे टाकले होते. ग्लॅडस्टन सॉलोमन हे मुंबईच्या कलाशाळेचे प्रमुख झाले आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या पाठिंब्याने त्यांनी भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग सुरू केला. १९२४ साली वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनासाठी ह्या शाळेने चित्रांकित छतासह एक संपूर्ण भारतीय दालन तयार करून पाठवले. नवी दिल्लीची राजधानी पुरी होत आली तेव्हा तिच्या सचिवालयातील काही दालने भारतीय चित्रकारांकडून रंगवून घेण्याचे ठरले. त्यांतील नॉर्थ ब्लॉकमधील एका समितीकक्षाचे काम मुंबईच्या विद्यार्थ्यांना मिळाले. ज्यांच्या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती भरून गेल्या होत्या, ते कोल्हापूरचे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांनीही त्याच सचिवालयात, तेव्हाच्या लॉ मेंबरच्या दालनासाठी चित्रे रंगवली. मराठी वाचकांस त्यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन परिचित आहेच.

दिल्लीत नोकरी केलेल्या किती मराठी माणसांनी ही चित्रे पाहिली आहेत? फारच थोड्यांनी. आणि ह्याचे कारण त्यांची उदासीनता नव्हे. ज्या दालनात ही चित्रे आहेत तेथे जाण्यास परवाना लागतो, आणि आत गेलेल्या माणसाचे लक्ष छताकडे नसून समोरच्या नस्तीकडे असते. काम सोपवणाऱ्याने चित्रकार निवडला, विषय निवडला, पैसे दिले. परंतु पाहणारा कोण, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला नाही. २०२५ पासून नॉर्थ ब्लॉकमधील मंत्रालये नव्या कर्तव्य भवनात हलू लागली आणि सचिवालयाच्या ह्या दोन्ही जुन्या इमारतींत राष्ट्रीय संग्रहालय करण्याचे सरकारने जाहीर केले आहे. तसे झाले म्हणजे जवळजवळ शतकभराने ह्या चित्रांना प्रेक्षक लाभेल. सार्वजनिक पैशातून काढलेले चित्र सार्वजनिक व्हावयास शंभर वर्षे लागावीत, ही गोष्ट कोणत्याही बागेच्या भिंतीचा विचार करताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चित्र कोठे असावे ह्या प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर ज्या घटनेपासून मिळू लागले, ती लखनौत घडली. १९३६ च्या एप्रिलमध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन लखनौस भरले. त्या वेळी महात्मा गांधींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस ह्यांना बोलावून भारतीय कलेच्या प्रदर्शनाची मांडणी त्यांच्याकडे सोपवली. अधिवेशनास जमलेल्या सामान्य जनांनी राजकीय भाषणांबरोबर आपल्या देशाची कलाही पाहावी, असा त्यामागील हेतू होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अधिवेशन प्रथमच एका खेड्यात घ्यावयाचे ठरले, आणि ते खेडे म्हणजे खानदेशातील यावल तालुक्यातले फैजपूर. धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्यासाठी केलेले परिश्रम महाराष्ट्राला ज्ञात आहेत. तेथे वसवलेल्या टिळकनगराच्या रचनेचे व सजावटीचे काम गांधीजींनी पुन्हा नंदलालांवर टाकले. आपण चित्रकार, मंडप उभारणे हे आपले काम नव्हे, अशी शंका नंदलालांनी काढली होती. परंतु ती मान्य झाली नाही. बांबू, तट्ट्या, गवत, दोर, अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून, खेड्यातल्या माणसांच्या हातांनी काम व्हावे, एवढीच अट होती. बंगाली चित्रकार, खानदेशी बांबू, खानदेशी कारागीर आणि देशभरचे पाहुणे, असा तो मेळ होता. नंदलालांना मराठी येत नव्हते म्हणून टिळकनगराचे काही अडले नाही.

ह्या अनुभवाचे फळ १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातमधील हरिपुरा येथे दिसले. सुभाषचंद्र बोस ह्यांच्या अध्यक्षतेखालील त्या अधिवेशनासाठी नंदलालांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे ४०० चित्रफलक तयार केले. त्यांतील ८० हून अधिक खुद्द नंदलालांच्या हातचे. फलक साधारण दोन फुटांचे, रंग मातीचे, रेघ जाड व वेगवान. विषय कोणते? ढोल वाजवणारा, कुंभार, सुतार, शिकारी, मल्ल, मुलाला घेतलेली आई. अधिवेशनाच्या कमानींवर आणि मंडपांवर ते लावले गेले. खेड्यापाड्यांतून आलेला शेतकरी बैलगाडीतून उतरला की प्रथम त्याची स्वतःचीच प्रतिमा त्याच्या स्वागताला उभी असे. तिकीट नाही, परवाना नाही, आणि चित्राचा अर्थ सांगावयास कोणी शास्त्री नको.

सार्वजनिक जागा चित्रांनी प्रसन्न करण्याचा आपल्या देशातील अर्वाचीन नमुना शोधावयाचा तर तो हरिपुऱ्यास शोधावा. तेथे काम सोपवणाऱ्याने चित्रकाराला विषयांची यादी दिली नव्हती. कोणासाठी आणि कोणत्या साधनांनी, एवढेच सांगितले होते. बाकी सारे चित्रकारावर सोडले. आणखी एक गोष्ट. अधिवेशन संपले, मंडप मोडले. परंतु चित्रे सुट्या फलकांवर असल्यामुळे त्यांतील पुष्कळशी वाचली आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. जागा तात्पुरती असेल तर चित्र भिंतीवर खिळवू नये, हा व्यावहारिक धडा त्यात आहे.

नंदलालांना कायमची भिंत मिळाली ती एका मराठी राजघराण्याकडून. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ कीर्तिमंदिर उभारले आणि त्यातील चार भिंती नंदलालांच्या हवाली केल्या. १९३९ ते १९४६ ह्या अवधीत गंगावतरण, मीरेचे चरित्र, रवींद्रनाथांची नटीची पूजा आणि महाभारतातील युद्ध, असे चार विषय तेथे रंगवले गेले. ह्यांपैकी पहिले चित्र पुरे झाले त्या वर्षीच महाराज निवर्तले, तरी काम थांबले नाही. मराठी राजा, गुजरातेतील नगर, बंगाली चित्रकार. आणि ज्या वंशाचे ते स्मारक त्या वंशाच्या पराक्रमाची जाहिरात भिंतीवर मुळीच नाही. काम सोपवणाऱ्याच्या अंगी किती संयम असावा लागतो, ते कीर्तिमंदिरात दिसते.

बडोद्यातच १८८८ साली जन्मलेले दुसरे एक मराठी गृहस्थ, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, ह्यांनी संसदभवनाच्या भिंती चित्रांनी सजवण्याची कल्पना मांडली आणि १९५१ साली तिच्यासाठी समिती नेमली. मोहेंजोदारोपासून स्वातंत्र्यापर्यंतचा इतिहास तळमजल्याच्या बाहेरील ओसरीत चित्रित करावयाचा होता. निरनिराळ्या प्रांतांतील चित्रकारांना कामे वाटून देण्यात आली. योजिलेल्यांपैकी ५८ फलक सिद्ध झाले. २०२३ साली संसद नव्या इमारतीत गेली, जुन्या वास्तूस संविधान सदन हे नाव मिळाले. मावळंकरांच्या योजनेत थोरवी होती, ह्यात शंका नाही. परंतु विषयांची यादी आधी आणि चित्रकार नंतर, ह्या क्रमाचा भार तिच्यावर पडला आहे, असे त्या फलकांजवळून जाताना वाटल्यावाचून राहत नाही.

परदेशांतही ह्या कामात शासनाचा हात मोठा आहे. मेक्सिकोत १९२१ ते १९२४ ह्या काळात शिक्षणमंत्री असलेल्या होसे व्हास्कोन्सेलोस ह्यांनी शाळा व सरकारी इमारतींच्या भिंती दिएगो रिव्हेरा आदी चित्रकारांपुढे मोकळ्या केल्या. खुद्द शिक्षणखात्याच्या चौकाच्या भिंती रिव्हेराने रंगवल्या. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३४ साली, अर्थखात्याने चित्रकलेसाठी एक स्वतंत्र विभाग उघडला. नव्या सरकारी इमारतींच्या खर्चातील सुमारे एक टक्का रक्कम चित्र-शिल्पांसाठी राखावी, आणि चित्रकाराची निवड शक्यतो नाव झाकलेल्या स्पर्धेने व्हावी, अशी त्याची पद्धत होती. ह्या पद्धतीतून गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत चित्रे आली. आमच्या गावातले असे काही नव्हतेच, अशा तक्रारी तेथील लोकांनी केल्या, चित्रकारांना गावात येऊन राहावे लागले, आराखडे बदलावे लागले. एक टक्का ही रक्कम मोठी नव्हे. ती आरंभीच लिहून ठेवली होती, हे महत्त्वाचे.

आता पुन्हा लखनौस येऊ. चारबाग स्थानकावर उतरून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाच्या समोरच रवींद्रालय आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या १९६१ सालच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने हे नाट्यगृह बांधले गेले. त्याच्या बाह्य भिंतीवर १९६३ साली के. जी. सुब्रमण्यन्‌ ह्यांनी सुमारे ८१ फूट लांब व ९ फूट उंच असे भाजलेल्या मातीचे भित्तिशिल्प उभे केले. त्यासाठी सुमारे १३,००० मातीचे तुकडे लागले. विषय रवींद्रनाथांच्या 'राजा' ह्या नाटकाचा, अंधाऱ्या दालनातील, डोळ्यांना न दिसणाऱ्या राजाचा. सुब्रमण्यन्‌ जन्माने केरळातले, घरची भाषा तमिळ, शिक्षण शांतिनिकेतनात नंदलालांच्या हाताखाली, नोकरी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात. अजिंठ्यापासून निघालेला हा धागा बडोद्यामार्गे पुन्हा लखनौत येतो तो असा.

ह्या कामात साधनाची जी निवड झाली ती मुद्दाम विचार करण्याजोगी आहे. लखनौचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, हिवाळ्यात धुके उतरते, पावसाळ्यात भिंती ओल धरतात. अशा हवेत उघड्यावरचा तेलरंग फार दिवस तग धरीत नाही. खार फुटतो आणि पोपडे सुटतात. नवाबांच्या काळातील कारागिरांस हे ठाऊक होते. म्हणून येथील इमामबाडे व दरवाजे रंगाने कमी आणि उठावाच्या नक्षीने अधिक सजलेले आहेत. लखौरी नावाच्या पातळ विटा, त्यांवर चुन्याचा गिलावा, आणि त्या चुनेगच्चीत काढलेल्या वेली, पाकळ्या आणि अवधचे चिन्ह असलेल्या जोडमासोळ्या. सूर्य जसजसा फिरतो तसतशी सावली त्या नक्षीला नवे रूप देते. सुब्रमण्यन्‌ ह्यांची भाजलेली माती त्याच कुळातली आहे. बाहेरून आलेल्या चित्रकाराने येथील हवेचे म्हणणे ऐकून घेतले. परकेपणाचा दोष जो काही असेल तो एवढ्याने धुऊन निघतो.

आणि ही भिंत रस्त्यावर आहे. हमाल, रिक्षावाला, बदलीची वर्दी घेऊन प्रथमच लखनौत उतरणारा कारकून, साऱ्यांची ती आहे. तिच्याकडे पाहावयास कोणाची आज्ञा लागत नाही.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण तर सरकारी नोकरांच्याच दारातले आहे. दिल्लीची लोदी वसाहत १९४० च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांसाठी बांधली गेली. २०१५-१६ पासून स्टार्ट इंडिया ह्या संस्थेने तेथील इमारतींच्या आंधळ्या, खिडकी नसलेल्या भिंतींवर देशी-विदेशी चित्रकारांकडून चित्रे काढवून घेतली. त्यांची संख्या आता पन्नासाच्या वर गेली आहे. घरे सरकारची, राहणारे बदलीचे, चित्रकार दूरदूरचे. तरीही ज्या गल्ल्यांतून पूर्वी कामाखेरीज कोणी जात नसे, तेथे लोक मुलांना घेऊन फिरावयास येतात.

एवढा इतिहास पाहिल्यावर छावणीतील बागेच्या भिंतीविषयी काही ठाम बोलता येते. बाग कटक मंडळाची, म्हणजे येथील बोलीत छावनी परिषदेची, असो की वसाहतीची. चित्राचे काम रंगसफेदीच्या निविदेत घालून चौरस फुटाच्या दराने सर्वांत स्वस्त मक्तेदाराला देऊ नये. तसे केल्यास भिंतीवर हरीण, सूर्योदय आणि दोन घोषवाक्ये उमटतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती पुसट होतात. लखनौत शंभर वर्षांहून जुनी कलाशाळा आहे. तिच्यात शिकलेल्यांना बोलवावे, आराखडे मागवावेत, ते बागेत येणाऱ्यांसमोर मांडावेत. विषय सुचवावा, लादू नये. ओल बघून भिंत प्रथम दुरुस्त करावी, शक्य तर रंगाऐवजी भाजलेली माती किंवा चुन्याचा उठाव पत्करावा, आणि दर पाच वर्षांनी निगेसाठी लागणारी रक्कम मूळ मंजुरीतच लिहून ठेवावी. ही शेवटची गोष्ट बदलीच्या माणसानेच करावयाची आहे, कारण पाच वर्षांनी तो तेथे नसणार हे त्याला आधीपासून ठाऊक असते. जो कायम राहणार असतो तो निगा तोंडी चालवू शकतो. जाणाऱ्याला ती कागदावर ठेवूनच जावे लागते.

राहिला अधिकाराचा प्रश्न. हलदार, नंदलाल, धुरंधर, सुब्रमण्यन्‌, ह्यांपैकी कोणीही आपल्या जन्मगावच्या भिंतीवर ही कामे केली नाहीत. त्यांना ती सोपवणाऱ्यांपैकी पुष्कळजण पदावर असेपर्यंतच त्या जागी होते. गॅझेटात त्यांची बदली, निवृत्ती अथवा मृत्यू नोंदला गेला आणि भिंत मागे राहिली. जेथे आपली मुले तीन वर्षे खेळली, जेथे आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळच्या फेऱ्या घातल्या, त्या बागेवर आपला हक्क नाही असे मानणे हा विनय नव्हे. ती जबाबदारीतून सुटण्याची सोय आहे. येथील पाणी आपण पितो, येथील सावलीत बसतो. वराहदेवाच्या यादीत पाण्याच्या टाक्याबरोबर चित्रवीथी आली होती. वसाहतीच्या पुढच्या बैठकीत नळ आणि दिवे ह्यांच्या बाबींखाली, त्याच कागदावर, भिंतीची बाब लिहावयास काही अडचण दिसत नाही.